आधी कागद, मग चित्र

घोटीत भाताच्या हंगामात हिरवा रंग महिनाभरसुद्धा एकसारखा राहत नाही. जूनमध्ये राबातलं रोप उगवतं तेव्हा तो पोपटी असतो, पिवळ्याकडे झुकलेला. आवणी झाली की खाचराच्या गढूळ पाण्यात रोपं विरळ उभी दिसतात आणि दुरून पाहणाऱ्याला हिरव्यापेक्षा मातकट करडाच जास्त दिसतो. श्रावणात फुटवे येतात, हिरवा दाट होतो. भाद्रपदात भात पोटरीवर आलं की त्याच्यात निळसर सावली शिरते. दिवाळीच्या सुमाराला सोंगणी सुरू होते तेव्हा पिवळा वर येऊन हिरव्याला हळूहळू गिळत जातो. शिवाय डोंगराच्या वरकस जमिनीतली नागली आणि वरई यांचा हिरवा वेगळाच. हे सगळे हिरवे आमची मुलं शाळेत येता-जाता पाहतात, त्यांत गुडघाभर उभी राहून कामही करतात. आणि चिकटकामाच्या तासाला त्यांच्या हाती घोटीव कागदाचं जे पाकीट येतं, त्यात हिरवा एकच असतो.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. त्या एकट्या हिरव्याने मला फार छळलं. मुलं डोंगर काढायची, शेत काढायची, झाड काढायची, आणि तिन्हींवर तोच चकचकीत कागद कापून डकवायची. चित्रात चूक काही नसायची. पण ते घोटीतल्या मुलाचं आहे की घोटी कधी न पाहिलेल्या मुलाचं, हे त्यावरून सांगता यायचं नाही. कागदच जर कारखान्यातून ठरून आला असेल, तर मुलाने स्वतः पाहिलेलं त्यात कुठून उतरणार? या प्रश्नाच्या मागे लागूनच मी कोलाजसाठी कागद रंगवायला लागले. आधी घरी एकटीने, मग मुलांबरोबर, आणि आता शाळा सुटल्यावरही ते काम सुटलेलं नाही.

रंगवलेला कागद म्हणजे चित्र नव्हे, हे सुरुवातीला मोठ्यांनाही सांगावं लागतं. त्यावर झाड नाही, घर नाही, माणूस नाही. एक रंग आहे आणि त्या रंगाची हालचाल आहे: कुंच्याचा ओढा, कंगव्याच्या रेघा, शिंतोडे, पुसटलेली कडा. हा कागद पुढे फाटणार किंवा कापला जाणार आणि त्याचा तुकडा कशाचातरी भाग होणार. कशाचा, ते रंगवताना ठरवायचं नाही. या एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. ‘मला डोंगर करायचाय म्हणून मी डोंगराचा कागद रंगवतो’ असं मूल म्हणालं, की मी त्याला थांबवते. डोंगर मनात धरून रंगवलेला कागद डोंगरापुरताच उरतो. नुसता रंगवलेला कागद मात्र उद्या डोंगर होईल, परवा म्हशीची पाठ होईल, कुणाच्या हातात पडला तर पावसाळी आभाळही होईल.

कागद रंगवायच्या रीती पुष्कळ आहेत. माझी मुख्य रीत खळीची, आणि त्याचं कारण हे गाव. घोटी भातगिरण्यांचं गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे जाताना इगतपुरी मागे पडली की थोड्याच अंतरावर हे गाव लागतं. इथे भात येतं, भरडलं जातं, तांदूळ, पोहे, मुरमुरे होऊन बाहेर पडतं. गिरणीत तुटलेला तांदूळ, म्हणजे कणी, स्वस्तात मिळते. ती दळून आणली की खळीचं पीठ तयार. इंद्रायणीची कणी मिळाली तर उत्तमच, कारण तिचा भात मुळात चिकट होतो आणि खळही चटकन जमते.

एक वाटी पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं. दुसरीकडे सहा-सात वाट्या पाणी उकळायला ठेवायचं आणि त्यात हे कालवण धार धरून ओतत ढवळत राहायचं. पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात आणि फुटतात; त्या क्षणी पांढरं दुधट दिसणारं मिश्रण अर्धपारदर्शक व्हायला लागतं. तिथून पुढे मंद आचेवर दोन-चार मिनिटं, आणि बास. पातेलं उतरवून पातळ फडक्यातून गाळायचं, कारण एक बारीक गुठळीसुद्धा नंतर कागदावर ओरखडा पाडते. थंड झाल्यावर खळ श्रीखंडापेक्षा थोडी सैल हवी. ती वाट्यांमध्ये वाटून प्रत्येकीत रंग मिसळायचा. कागद आधी ओल्या स्पंजने पुसून घ्यायचा, म्हणजे तो ताणला जातो आणि फुगायचा तेवढा आधीच फुगून घेतो. मग रुंद कुंच्याने रंगीत खळ सगळीकडे सारखी लावायची.

खरी मजा त्यानंतर. खळीमुळे रंग लगेच वाळत नाही, जागेवरून ढकलला की तसाच राहतो. जुना कंगवा ओढा, समांतर रेघा उमटतात. पुठ्ठ्याच्या पट्टीला कात्रीने दाते पाडून ती नागमोडी फिरवा, पाणी दिसायला लागतं. शिरईच्या केरसुणीचं टोक टेकवत गेलं तर गवत. सुतळीचा गुंडा लोळवला तर झाडाची साल. नुसत्या बोटांनीही होतं, आणि लहान मुलांना तेच सर्वांत आवडतं. हात चुकला तर कुंचा पुन्हा फिरवायचा, सगळं पुसलं जातं आणि कागद पुन्हा कोरा होतो. चित्रकलेच्या वर्गात ‘बिघडलं’ म्हणून रडवेलं होणारं मूल खळीच्या तासाला कधी रडत नाही. रबर न वापरता पुन्हा सुरुवात करता येते, हे त्याला फार मोठं वाटतं.

युरोपात ही रीत जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट गावी अठराव्या शतकात मोरावियन पंथाच्या बायका असे खळीचे कागद करून पुस्तकबांधणीवाल्यांना विकत असत आणि त्या गावाच्या नावानेच ते कागद ओळखले जात. आपल्याकडे खळ कागदाला लागायची ती दुसऱ्या कामासाठी. जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही हातकागदाची आपली जुनी ठिकाणं. तिथे तयार झालेल्या कागदाला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत असत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. मोडी दफ्तरातली जुनी कागदपत्रं कुणी हातात घेतली असतील तर त्यांना ती मऊ चकाकी आठवेल. मी त्या कागद करणाऱ्यांचंच उचललं. खळीचा कागद पूर्ण वाळला की त्यावर मेणबत्ती हलकेच फिरवते आणि दारणेच्या पात्रातून आणलेल्या गोट्याने घोटते. रंग खोल जातो, बोटाला लागत नाही आणि कागद कात्रीपुढे ताठ उभा राहतो.

पुस्तकं बांधणारे जुने कारागीर खळीत मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नसे. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातात द्यायच्या खळीत तो मी कधीच घालत नाही, आणि दुसऱ्या शिक्षकांनीही घालू नये असं कळकळीने सांगते. लवंगेच्या तेलाचे चार थेंब पुरतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे लागेल तेवढीच खळ करावी. दुसऱ्या दिवशी ती आंबतेच.

आता पावसाबद्दल. इगतपुरी तालुक्यात घाटमाथ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये घोटीत कपडे वाळत नाहीत, मीठ सुटं राहत नाही, तिथे खळ लावलेला कागद काय वाळणार? वरून कोरडा वाटतो, घडी उलगडली की आत बुरशीचे काळे ठिपके. दोरीवर चिमटे लावून टांगला तर खळ ओघळून खालच्या कडेला जाड पट्टा जमतो. म्हणून बांबूच्या कामट्यांची एकावर एक फळ्यांसारखी मांडणी करून घेतली. प्रत्येक थरावर एकेक कागद आडवा, मध्ये हवा खेळायला जागा. घरात चूल असेल तर तिच्यावरच्या माळ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. तरीही पावसाळा हा कागद रंगवायचा काळ नव्हे, हे मी मान्य करून टाकलं आहे. पावसाळा बघायचा काळ. कागद दिवाळीनंतर होळीपर्यंत करावेत. त्या दिवसांत कागद अर्ध्या दिवसात वाळतो आणि आकसताना वेडावाकडाही होत नाही. मे महिन्यात उलटी तऱ्हा होते, कुंच्यावरच रंग सुकतो.

हा ऋतूचा हिशेब मुलांच्या आयुष्याशीही जुळतो. आवणीच्या दिवसांत आसपासच्या वाड्यांवरची मुलं शाळेत कमी येतात, घरच्यांबरोबर खाचरात असतात. हजेरीपटावर तेवढ्या जागा रिकाम्या दिसतात. पण त्या दिवसांत ती मुलं जे पाहत असतात, ते वर्गात बसून कुणालाच दिसत नाही. पाऊस उघडल्यावर मी त्यांना तेच विचारते: पाण्यातल्या रोपाचा रंग कसा होता, बांधावरच्या गवताचा कसा होता, ढग उतरले तेव्हा कळसूबाईचा डोंगर कुठल्या रंगाचा झाला. पहिल्या वेळी सगळ्यांचं उत्तर एकच येतं, ‘हिरवा’. मग वाट्या पुढे ठेवायच्या.

तयार हिरवा रंग मी वर्गात ठेवतच नाही. पिवळे दोन: एक लिंबासारखा थंड, दुसरी पिवडी. निळे दोन: एक कपड्यांच्या निळीचा, म्हणजे अल्ट्रामरीन, आणि एक प्रशियन ब्लू. शिवाय काळा, गेरू आणि पांढरा. एवढ्यावर बहुतेक सगळं घोटी येतं. लिंबी पिवळ्यात प्रशियन ब्लूचा थेंब टाकला की राबाचा पोपटी मिळतो. पिवडीत नीळ घातली तर मळकट, शेवाळी हिरवा. बांध त्याचेच असतात. पिवळ्यात नुसता काळा मिसळला तरी हिरवा होतो, हे पाहिलं की मुलं थक्क होतात, आणि हा हिरवा पावसाळी संध्याकाळच्या झाडांचा आहे हे त्यांची तीच ओळखतात. हिरव्यात गेरूचा स्पर्श दिला की सोंगणी जवळ आली. एकदा सातवीतल्या एका मुलीने दोन वाट्या माझ्यापुढे धरल्या आणि सांगितलं, “बाई, हा हिरवा पाण्यातला आहे, हा वरकसातला. पाण्यातल्याला थोडी नीळ जास्त लागती.” रंगसंगतीचं पाठ्यपुस्तक तिने वाचलं नव्हतं. नागली आणि भात दोन्ही तिने लावले होते.

रंग कुठला वापरावा यावर मी बरीच खटपट केली आहे, ती इथे लिहून ठेवते, कुणाच्यातरी उपयोगी पडेल. शाळेत सगळ्यांकडे असतो तो पोस्टर कलर. महाराष्ट्रातल्या शाळा दांडेकरांच्या, 1931 साली सुरू झालेल्या कॅमलिनच्या बाटल्यांवरच रंग शिकल्या असं म्हटलं तरी चालेल. पोस्टर कलर कागदावर छान मखमली दिसतो, पण त्याचा स्वभाव असा की वाळल्यावरही पाणी लागलं की तो पुन्हा विरघळतो. चिकटवताना डिंकाच्या ओलाव्याने बोटं रंगतात आणि शेजारचा पिवळा तुकडा हिरवट होतो. त्याला उपाय दोन. रंगातच थोडा फेव्हिकॉल मिसळावा. वाळल्यावर तो रंगाला धरून ठेवतो. किंवा ॲक्रिलिक वापरावा, पण तो वर्गभर मुलांना परवडत नाही. मी शेवटी हार्डवेअरच्या दुकानात गेले. भिंतीच्या रंगात मिसळायच्या ज्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या थेंबात रंग गच्च भरलेला असतो. खळीत थोडा फेव्हिकॉल आणि स्टेनरचे थेंब, एवढ्यावर थोडक्या पैशांत वर्गाचं काम होतं. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फेव्हिकॉल ओला असताना पांढरा असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग ओला दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतो. हवा त्यापेक्षा थोडा फिकाच मिसळावा आणि आधी एका पट्टीवर वाळवून बघावं.

कागद मात्र विकत घेऊ नये. पाठकोरे कागद घराघरांत पडलेले असतात: जुन्या कॅलेंडरची पानं, छापखान्यात वाया गेलेली पावतीपुस्तकं, परीक्षेच्या उरलेल्या उत्तरपत्रिका. फार जाड कागद कोलाजला वाईट. तुकड्यावर तुकडा बसला की कडा उंच राहतात. फार पातळ असेल तर खळीच्या पाण्याने विरतो. वहीच्या पानापेक्षा थोडा दणकट असला की झालं. पतंगी कागद हा अपवाद. तो पातळ असूनही त्यावर रंगाचे दोन-तीन हात दिले तर त्याची पारदर्शकता फार सुंदर दिसते. आणि कधी पैसे जमले तर पुण्याच्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद आणून पाहावा. 1940 साली सुरू झालेली ही संस्था कापडाच्या चिंध्यांपासून कागद करते. लाकडाच्या लगद्याच्या यंत्रावरच्या कागदाचे तंतू एका दिशेने बसतात, म्हणून तो एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. हातकागदाला अशी सक्तीची दिशा नसते. तो फाटताना तंतू बाहेर येतात, कडेला लव दिसते. ढग करायचे तर त्याच्यासारखा कागद नाही.

रंगवलेले कागद वाळल्यावर वळतात, कारण रंगाची बाजू आकसते आणि मागची आकसत नाही. मागून ओला बोळा फिरवून, रद्दीच्या दोन घड्यांत घालून, वर पाटा ठेवला की रात्रीत सरळ होतात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने मिश्रण लिहून ठेवायचं: कुठला पिवळा, कुठला निळा, किती. दोन महिन्यांनी तोच रंग पुन्हा हवा असतो तेव्हा ही ओळ देवासारखी धावून येते.

कोलाज आणि रंगवलेला कागद यांचा इतिहास शिकवताना मी मुलांना फार नावं सांगत नाही, पण काही सांगते. आधुनिक चित्रकलेत कोलाज शिरलं ते 1912 साली. पिकासोने वेताच्या विणीचं छापील चित्र असलेलं मेणकापड कॅनव्हासवर डकवलं, आणि ब्राकने दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून कापून लावला. ब्राकचे वडील घरं रंगवायचे, तोही ते काम शिकला होता. खोटं लाकूड कसं रंगवतात हे त्याला ठाऊक होतं. तरी त्या दोघांनी कागद घेतला तो बाजारातला, छापलेला, आणि त्यांना तोच हवा होता. चित्रात बाहेरचं जग जसंच्या तसं आणून बसवायचं होतं. मातीसचं वेगळं. 1941 साली मोठी शस्त्रक्रिया झाली, नंतर उभं राहून काम करणं कठीण झालं, आणि उतारवयात त्याने कात्री हातात घेतली. त्याचे मदतनीस त्याच्या सांगण्याप्रमाणे कोऱ्या कागदांवर ग्वाश रंगाचे हात देत, ते कागद वाळून तयार असत आणि मग तो थेट रंगातच कापत असे. 1947 साली आलेलं त्याचं ‘जॅझ’ हे पुस्तक त्याच कागदांमधून उभं राहिलं. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की कागद आधी तयार होते, आणि आकार त्या रंगाकडे बघत सुचत गेले.

मुलांच्या पुस्तकांत हेच काम एरिक कार्लने केलं. त्याचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक 1969 सालचं. पातळ टिश्यू कागदावर रंगाचे थर देऊन, त्यावर ओरखडे, ठिपके, बोटांचे ठसे उमटवून तो कागदांचा साठा करायचा, रंगाप्रमाणे खणांत लावून ठेवायचा आणि मग त्यांतून कापायचा. मुलांना ते पुस्तक दाखवल्यावर ती सुरवंटाच्या अंगावरचा कुंच्याचा ओढा बोटाने तपासतात. त्यांना हात दिसतो. छापील घोटीव कागदात हात दिसत नाही.

आणि बिनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनचे हे मोठे चित्रकार. 1950च्या दशकात, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, मातीत शिल्पं केली, भिंतीवर फरशांचं मोठं काम केलं. सत्यजित राय यांनी 1972 साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला. मी हे मुलांना सांगते तेव्हा वर्ग शांत होतो. एकदा मुलांनी आपणहून डोळे मिटले आणि रंगवलेल्या कागदांवरून हात फिरवला. कंगव्याच्या रेघांचा कागद, सुतळीचा कागद, घोटलेला कागद, त्यांनी स्पर्शाने वेगळे केले.

आपल्या दख्खनचीही एक मोठी परंपरा आहे आणि ती आपण विसरलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. अबरीचा कागद जुन्या वह्या-पोथ्यांच्या बांधणीला लावलेला आपल्यातल्या अनेकांनी आजोळी पाहिला असेल. पाण्यावर तरंगणाऱ्या रंगांच्या लाटा कागदावर उचलून घेतलेल्या. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीतल्या चित्रकारांनी या अबरीतून नुसती नक्षी केली नाही, पूर्ण आकृत्या घडवल्या. हाडं निघालेल्या घोड्यावर बसलेल्या संन्याशाचं असं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. घोड्याचं अंग अबरीच्या लाटांचं आहे. ब्राकच्या अडीचशे वर्षं आधी आपल्या शेजारी कुणीतरी रंगवलेल्या कागदाची नक्षी एखाद्या प्राण्याच्या आकारात बसवत होता. हे मुलांना कुठल्याच इयत्तेत सांगितलं जात नाही.

अबरी घोटीत करता येते. मेथ्या रात्रभर भिजवून, गाळून जो बुळबुळीत रस निघतो, तो पाण्यात घट्ट करून थाळ्यात ओतायचा. जुने कारागीर मेथीच वापरत. कागदाला तुरटीचं पाणी लावून वाळवायचा, म्हणजे रंग त्याला धरतो. मग रसावर रंगाचे थेंब सोडायचे, काडीने ओढायचे, कागद अलगद टेकवून उचलायचा. रस फार पातळ झाला तर रंग बुडतो, फार घट्ट झाला तर पसरत नाही. अबरीला चिकाटी लागते. वर्गात ती मी शेवटी ठेवते, आणि ज्या मुलांना खरंच लागते त्यांनाच देते.

कागद तयार झाले की ते मुलांच्या नावाने ठेवायचे नाहीत, रंगाच्या नावाने ठेवायचे. सगळे निळे एका खोक्यात, सगळे मातकट एका खोक्यात. या एका नियमावर सर्वांत जास्त भांडणं झाली आहेत. एका मुलाने गडद निळ्या-काळ्या कागदावर शिरईने तिरप्या रेघा ओढून असा पाऊस उतरवला होता की मीच त्याच्याकडे बघत बसले. पुढच्या तासाला दुसऱ्या एका मुलाने तोच कागद फाडला आणि त्याचा महामार्ग केला, डोंगरातून जाणारा, ओला. पहिला मुलगा संतापला. “माझा पाऊस होता,” म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एखादा कागद इतका चांगला होतो की तो फाडवत नाही. मलाही फाडवत नाही. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी कापून एका मोठ्या वहीत चिकटवतो, करणाऱ्याचं नाव त्याखाली लिहितो. मूळ कागद मग सगळ्यांचा. त्या मुलाने नंतर इतरांचे कागद मोकळेपणाने फाडले, आणि कुणाच्यातरी खराब म्हणून बाजूला ठेवलेल्या करड्या कागदातून रेल्वेचा बोगदा काढला. वही अजून माझ्याकडे आहे. शाळेतल्या कुठल्याही निकालपत्रापेक्षा ती मला मोलाची वाटते.

फाडणं आणि कापणं ही दोन वेगळी कामं आहेत, हेही शिकवावं लागतं. कात्रीची कड ताठ, नेमकी. घर, पूल, बैलगाडीचं चाक तिने करावं. फाडलेली कड सजीव. रंगवलेला कागद फाडला की दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही; ओढायची दिशा बदलली की पांढरी कड दुसऱ्या तुकड्याकडे जाते. ढगाला ती हवी, डोंगराला बहुधा नको. सातवी-आठवीच्या मुलांना हे कळलं की ती फाडायच्या आधी थांबून विचार करतात. डकवायला मी पुन्हा तीच खळ वापरते, फक्त जरा घट्ट. ती सावकाश वाळते, त्यामुळे तुकडा जागेवर सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. मधून बाहेरच्या बाजूला हात फिरवत हवा काढायची, वर कोरा कागद ठेवून लाटणं फिरवायचं.

राज्य कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे विषय म्हणजे वस्तूंचं चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्यांत कोलाजला स्वतंत्र जागा नाही, म्हणून ते कार्यानुभवाच्या तासाला सरकतं आणि तिथे तयार पाकिटावर उरकलं जातं. शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. तास कमी, मुलं जास्त. पण मला अनुभवाने दिसलं आहे की कागद रंगवलेल्या मुलांचं स्मरणचित्रही बदलतं. ज्याने पाच हिरवे स्वतः कालवले, तो पुढे शेताला बाटलीतला हिरवा जसाच्या तसा लावायला धजावत नाही. संकल्पचित्रातही त्याला छटा सुचतात. परीक्षेसाठी म्हणून कुणी हे करावं असं मी म्हणणार नाही, पण परीक्षेचं यात नुकसान नाही, हे पालकांना ठामपणे सांगता येईल.

माझी चित्रकलाशिक्षकांना विनंती आहे. यंदा दिवाळीची सुट्टी संपली की साहित्याच्या यादीतून घोटीव कागदाचं पाकीट काढून टाका. त्याजागी लिहा: घरचे पाठकोरे कागद, वाटीभर तांदळाचं पीठ, जुना कंगवा, आणि गटात मिळून दोन पिवळे, दोन निळे, काळा, गेरू. तयार हिरवा आणू नका असं खाली स्पष्ट लिहा. पहिले दोन तास कुणालाही चित्र करू देऊ नका. नुसते कागद रंगवा, वाळवा, रंगाप्रमाणे लावा. चित्र तिसऱ्या तासाला सुरू करा. जे कागद उरतील ते फेकू नका, पुढच्या वर्गासाठी ठेवा.